निगेटिव्ह, पण किती वाजता?

रात्री १ वाजून ५५ मिनिटांनी ५७ वर्षांच्या एक बाई मुलीच्या खांद्यावर हात ठेवून कॅज्युअल्टीत चालत आल्या. चालत आल्या हे मुद्दाम सांगते आहे. स्ट्रेचरवरून येणाऱ्याकडे सगळे धावतात, चालत येणाऱ्याला आधी खुर्ची दाखवतात. त्या रात्री सिस्टरांनी खुर्ची दाखवली नाही. बाईंच्या कपाळावरचे केस घामाने चिकटले होते आणि खोलीत तर चांगलाच गारवा होता, एवढं त्यांना पुरलं.

तक्रार अशी: पोटात वरच्या बाजूला जळजळ आणि जबडा जड. "काकू, छातीत दुखतंय का?" असं विचारलं, तर ठाम नाही म्हणाल्या. दहा वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबाची एक गोळी चालू. घरी ॲसिडिटीचं औषध घेऊन झालं होतं. नाडी ९२, रक्तदाब १५०/९०, ऑक्सिजन ९७ टक्के, साखर २१२. ऑक्सिजन लावला नाही. प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय हृदयाच्या पेशंटला त्याचा फायदा होत नाही, हे आता पक्कं झालं आहे. तरी नळी लावली नाही म्हणून नातेवाईक अस्वस्थ होतात, तशी त्यांची मुलगीही झाली.

मधुमेही माणसाला, बायकांना, वयस्करांना झटका नेहमी छातीवर हात दाबूनच येतो असं नाही. जबडा, पाठ, पोटाचा वरचा भाग, कधी नुसता घाम आणि थकवा. त्यामुळे कार्डिओग्राम लगेच काढला. पेशंट दारातून आल्यापासून दहा मिनिटांच्या आत तो निघून डॉक्टरच्या डोळ्यांखालून जायला हवा, असा जगभरचा नियम आहे. आमचा आठव्या मिनिटाला निघाला. हृदयाची बाजू दाखवणाऱ्या लीड्समध्ये, म्हणजे त्या कोनातून घेतलेल्या नोंदींमध्ये, टी नावाची लहर थोडी चपटी, बाकी काही नाही. एसटी ही आलेखातली रेषा वर चढलेली नाही, खाली गेलेली नाही. हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटका नेहमीच्या बारा लीड्सना नीट दिसत नाही, म्हणून पाठीवर चिकट्या लावून व्ही-७ ते व्ही-९ काढले. तेही साफ.

एसटी चढलेली असती तर पुढची गोष्ट घडलीच नसती. तेव्हा रक्ताच्या कुठल्याही तपासणीसाठी थांबायचं नसतं, बंद पडलेली रक्तवाहिनी उघडायच्या मागे लागायचं असतं. रक्ततपासणीचा खरा उपयोग होतो तो अशा पेशंटमध्ये, जिथे कार्डिओग्राम गप्प आहे आणि मनातला संशय मात्र गप्प बसत नाही.

एकाच रक्तावर दोन चाचण्या

आमचं रुग्णालय छोटं. रात्री लॅब बंद असते. कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या वाहिन्या तपासून उघडायची खोली, असलेलं मोठं रुग्णालय गाडीने दीड तासावर. अशा ठिकाणी रात्रीचा आधार म्हणजे पलंगाशेजारी करायची ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या पेशीला इजा झाली की रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाची, तपासणी. ती आमच्याकडे त्या आठवड्यांत दोन रूपांत होती. एक, वर्षानुवर्षं वापरात असलेली पट्टी: खाचेत रक्ताचे थेंब टाकायचे, पंधरा मिनिटं थांबायचं, एक रेघ उमटली तर निगेटिव्ह, दोन उमटल्या तर पॉझिटिव्ह. दुसरं, नुकतंच आलेलं हातात मावणारं यंत्र. त्यात कार्ट्रिज घालून रक्त टाकलं की काही मिनिटांत आकडा येतो. नवं यंत्र जुन्याशी ताडून पाहायचं म्हणून आम्ही काही आठवडे प्रत्येक संशयित पेशंटचं रक्त दोन्हींवर टाकत होतो. हे प्रकरण लिहिता येतंय ते त्या ताडून पाहण्यामुळेच.

२ वाजून १५ मिनिटांनी रक्त घेतलं. पंधरा मिनिटांनी पट्टीवर एकच रेघ. ज्युनिअर डॉक्टरांनी मोबाइलचा टॉर्च मारून, पट्टी तिरकी करून पाहिली. दुसऱ्या रेघेच्या जागी सावलीसुद्धा नव्हती. यंत्राने आकडा दिला ९. आमच्या यंत्रावर स्त्रियांसाठी वरची सीमा १८ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे, म्हणजे आकडाही हद्दीच्या आतच.

आणि २ वाजून ४० मिनिटांनी जळजळ थांबली. जबडाही हलका झाला.

इथे या प्रकरणाचा सगळ्यात धोक्याचा क्षण होता. कार्डिओग्राम जवळजवळ नॉर्मल, पट्टी निगेटिव्ह, आकडा सीमेखाली, दुखणं गेलेलं. मुलगी म्हणाली, "डॉक्टर, आईला बरं वाटतंय. टेस्ट पण निगेटिव्ह आली. घरी नेऊ का? सकाळी परत आणते." तिचं काहीच चुकत नव्हतं. ज्युनिअरांनी केसपेपरवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ट्रोप निगेटिव्ह. तो कागद वाचणारा कुणीही हेच म्हणाला असता.

मी ते शब्द खोडायला लावले आणि त्याजागी एक वाक्य लिहायला सांगितलं: "त्रास सुरू झाल्यापासून __ मिनिटांनी ट्रोपोनिन ९." त्यांनी लिहिलं आणि रिकाम्या जागेशी पेन थांबलं. त्रास नेमका कधी सुरू झाला, हे कागदावर कुठेच नव्हतं.

रिकामी जागा भरताना

काकू आधी म्हणाल्या, "संध्याकाळपासूनच बरं नव्हतं." मग म्हणाल्या, "झोपेतून उठले तेव्हा." मग, "बाराच्या सुमाराला असेल." प्रश्न वरवर सोपा वाटतो, पण अर्ध्या रात्री घाबरलेल्या माणसाला तो सर्वांत अवघड जातो. संध्याकाळचं अपचन, रात्रीची कूस बदलणं आणि खरं दुखणं, सगळं एकमेकांत मिसळून जातं. शेवटी मुलीने फोन उघडला. आईने शेजारच्या खोलीतून तिला फोन केला होता, कारण उठून दारापर्यंत जाववत नव्हतं. कॉल १२ वाजून ५८ मिनिटांचा. "फोन करायच्या आधी किती वेळ पडून होतात, काकू?" "पाच-सात मिनिटं. थांबेल असं वाटलं." म्हणजे १२ वाजून ५० मिनिटं. रिकाम्या जागेत ८५ हा आकडा पडला.

८५ मिनिटं म्हणजे काय, ते समजायला ट्रोपोनिन कुठे राहतं हे पाहावं लागतं. स्नायूच्या तंतूंवर कॅल्शियमच्या इशाऱ्याने आकुंचन चालू-बंद करणारी ही तीन प्रथिनांची जुळणी आहे: सी, आय आणि टी. जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी ती १९६० च्या दशकात शोधली. यातल्या आय आणि टी यांची हृदयातली घडण हातापायांच्या स्नायूंतल्या घडणीपेक्षा वेगळी असते. म्हणून ती रक्तात सापडली की हृदयाच्या पेशीला इजा झाली, असं म्हणता येतं. त्याआधीच्या तपासण्यांना ही नेमकी ओळख नव्हती. १९५४ मध्ये झटक्याच्या निदानासाठी जे पहिलं एन्झाइम पुढे आलं, ते यकृताच्या आजारातही वाढतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हायडेलबर्गमध्ये हूगो काटूस यांच्या गटाने ट्रोपोनिन टी रक्तात मोजायची पद्धत तयार केली आणि २००० साली झटक्याची व्याख्याच ट्रोपोनिनभोवती नव्याने बांधली गेली.

पण हे प्रथिन पेशीत सुटं तरंगत नसतं. त्याचा फार थोडा वाटा पेशीद्रवात मोकळा असतो, बाकी सगळं तंतूंना घट्ट बांधलेलं. रक्तपुरवठा तुटला की आधी तो थोडा वाटा झिरपतो, मग तंतू तुटत जातात तसं उरलेलं बाहेर येत राहतं. जुन्या चाचण्यांना ते दिसायला तीन ते सहा तास लागत, अतिसंवेदनशील चाचण्यांना एक ते तीन. वाढीचं शिखर साधारण १२ ते २४ तासांनी येतं आणि पातळी खाली यायला आठवडा, कधी दोन आठवडेही जातात. ८५ व्या मिनिटाला रक्तात काही नसेल, तर हृदयाला काही झालं नाही असा एक अर्थ निघतो. झालं आहे पण अजून रक्तात उतरलेलं नाही, असा दुसराही निघतो. एका नमुन्यावरून या दोन अर्थांतला एक निवडता येत नाही.

युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हीच अट आहे. एकाच नमुन्यावर झटका नाही असं म्हणायचं, तर आकडा अगदीच तळाशी हवा आणि त्रास सुरू होऊन तीन तासांहून जास्त झालेले हवेत. नेदरलँड्समध्ये रुग्णवाहिकेतच ट्रोपोनिन करून कमी धोक्याच्या पेशंटना घरी ठेवता येईल का, याचा मोठा अभ्यास झाला आणि उत्तर आशादायक आलं. त्यातही त्रास सुरू होऊन किमान दोन तास झालेल्यांनाच घेतलं होतं. त्या अभ्यासाचं नाव घेऊन "आता घरीही ट्रोप करता येतं" असं सांगणारे ही दोन तासांची अट बहुधा सोडून देतात.

मुलीला मी एवढंच सांगितलं: "ही तपासणी खूप लवकर झाली आहे, म्हणून तिला अजून काही सांगता येत नाही. सव्वाचारला परत रक्त घेऊ. तोवर आईला मॉनिटरवर ठेवू द्या." ती तयार झाली. पोटातून रक्तस्राव किंवा ॲलर्जीचा इतिहास नाही हे विचारून ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावायला दिली होतीच. अर्ध्या-अर्ध्या तासाने कार्डिओग्राम काढत राहिलो. चार काढले, चारही तसेच.

सव्वाचार

दुसरा नमुना नव्याने सुई टोचून घेतला, शिरेत आधीच बसवलेल्या इंट्राकॅथच्या नळीतून ओढला नाही. बारीक गोष्ट आहे, पण रात्री हमखास चुकते. कॅथेटरमधून जोर लावून रक्त ओढलं की तांबड्या पेशी फुटतात आणि काही ट्रोपोनिन चाचण्यांचे आकडे त्याने बिघडतात. लॅबमध्ये सीरम वेगळं करतात, तेव्हा ते गुलाबी दिसलं की तंत्रज्ञ नमुना परत मागवतो. पलंगाशेजारच्या यंत्रात अख्खं रक्त जातं, तिथे हे बघणारा डोळाच नसतो.

यंत्राने दाखवलं ६१.

पट्टीवर पुन्हा एकच रेघ.

ज्युनिअर दोन्हींकडे आळीपाळीने बघत म्हणाले, "मॅडम, यातलं एक काहीतरी चुकतंय." मला वाटतं, या प्रकरणातला सर्वांत मोलाचा प्रश्न तोच होता. चुकत कुणीच नव्हतं. अशा अनेक पट्ट्यांवर दुसरी रेघ उमटायला ट्रोपोनिन आय ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लागतं. खोक्यावर छापलेलं असतं, पण एकक वेगळं असल्याने नजरेत भरत नाही. लिटरमध्ये मांडलं की तेच ५०० होतं. आमच्या यंत्राची सीमा १८. प्रत्येक कंपनीची चाचणी वेगळी असल्याने आकड्यांची थेट तुलना करता येत नाही हे खरं, पण मोठ्या लॅबमधल्या एका बहुवापराच्या अतिसंवेदनशील ट्रोपोनिन आय चाचणीतही सीमा स्त्रियांसाठी १६ आणि पुरुषांसाठी ३४ आहे. कुठल्याही बाजूने धरलं तरी पट्टीची निगेटिव्ह रेघ १८ पासून ५०० पर्यंतचं सगळं पोटात घालते. ६१ सहज त्यात मावतो.

एकट्या ६१ वरही मी झटका म्हटलं नसतं. मूत्रपिंड थकलेल्या माणसात, जुन्या हृदयविकारात असे आकडे महिनोन्‌महिने स्थिर असतात. फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली, हृदयाच्या स्नायूला सूज आली, रक्तात जंतुसंसर्ग पसरला, तरीही ते वाढतात. झटक्याच्या व्याख्येला हवा असतो तो चढ किंवा उतार, निदान एक आकडा सीमेवर, आणि सोबत हृदयाला रक्त कमी पडल्याचा पुरावा: लक्षणं, कार्डिओग्राममधले बदल किंवा तशी चित्रं. दोन तासांत ९ वरून ६१ हा चढ होता. लक्षणं घाम आणि जबड्याची होती. ताप नव्हता, दम नव्हता, पायाला सूज नव्हती, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं महिन्यापूर्वीचं क्रिएटिनिन व्यवस्थित होतं. निदान झालं: एसटी न चढलेला हृदयविकाराचा झटका.

मुलीने लगेच विचारलं, "मग ते गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता ना?" हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. त्याचं उत्तर नाही असं आहे, आणि ते समजावून सांगण्यात घालवलेली दोन मिनिटं वाया जात नाहीत. एसटी चढलेल्या झटक्यात वाहिनी बहुधा पूर्ण बंद असते आणि कॅथलॅब वेळेत गाठता येत नसेल तर ते इंजेक्शन जीव वाचवतं. एसटी न चढलेल्या झटक्यात त्याने फायदा होत नाही, मेंदूत रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. इथे रक्त पातळ ठेवणारी औषधं द्यायची आणि चोवीस तासांच्या आत अँजिओग्राफी होईल असं पाहायचं.

मोठ्या रुग्णालयाला फोन लावला. तिकडच्या ड्यूटी डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "ट्रोप पॉझिटिव्ह आहे का?" मी म्हटलं, "८५ मिनिटांनी ९, तीन तास पंचवीस मिनिटांनी ६१." पलीकडे क्षणभर शांतता, मग, "पाठवा, बेड ठेवतो." होय-नाही सांगितलं असतं तर पुढे दहा प्रश्न आले असते, याची मला खात्री आहे.

५ वाजून १० मिनिटांनी डिफिब्रिलेटर असलेल्या रुग्णवाहिकेतून, सोबत सिस्टर देऊन त्यांना हलवलं. वाटेत काही झालं नाही. त्याच दुपारी अँजिओग्राफी झाली. डाव्या बाजूने वळसा घेऊन मागे जाणाऱ्या सर्कमफ्लेक्स वाहिनीच्या एका फांदीत जवळजवळ पूर्ण अडथळा आणि त्यावर ताजी गाठ. ही वाहिनी बारा लीड्सच्या कार्डिओग्रामला सर्वांत कमी दिसते, म्हणून आमचे सगळे कार्डिओग्राम साफ होते. स्टेंट बसला. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, बाजूची भिंत किंचित मंद, बाकी हृदयाची ताकद शाबूत. चौथ्या दिवशी काकू घरी गेल्या.

आमच्याकडे काय बदललं

त्या रात्री फक्त पट्टी असती तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला. दोन तासांनी परत तपासणी केली असती, ती परत निगेटिव्ह आली असती. दुखणं गेलेलं, कार्डिओग्राम साफ. मी त्यांना ठेवून घेतलं असतं असं म्हणायला आवडेल. पहाटे साडेचारला, बाहेर आणखी पेशंट ताटकळत असताना, घरच्यांचा आग्रह असताना, नक्की ठेवलं असतं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. वय, मधुमेह, रक्तदाब आणि संशयास्पद लक्षणं मिळून धोका मध्यम ठरत होता, हे कागदावर मांडून मोजलं असतं तर दिसलं असतं. तसं मोजायची सवय आम्हाला नव्हती.

आता ट्रोपोनिनच्या नोंदीत 'पॉझिटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' हे शब्द नाहीत. तीन चौकटी आहेत: त्रास कधी सुरू झाला, नमुना कधी घेतला, आकडा किती. पहिली चौकट रिकामी असेल तर सिस्टर कार्ट्रिज उघडत नाहीत. आधी विचारतात, नातेवाइकांचे फोन तपासायला लावतात. दुसऱ्या नमुन्याची वेळ पहिल्याच वेळी फळ्यावर लिहिली जाते, म्हणजे ड्यूटी बदलली तरी ती कुणाच्या डोक्यात राहायची गरज नसते. वय, इतिहास, कार्डिओग्राम, धोक्याचे घटक आणि ट्रोपोनिन यांना गुण देणारी नेदरलँड्समधली हार्ट स्कोअर पद्धतही फॉर्मवर घेतली आहे. कारण दोन्ही आकडे खाली राहिले तरी अस्थिर अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणारा त्रास, उरतोच. त्यात पेशी मरत नाहीत आणि ट्रोपोनिन वाढत नाही.

पट्ट्या टाकून दिल्या नाहीत. यंत्र बंद पडतं, कार्ट्रिज संपतात, त्यांना थंड जागा लागते. अशा रात्री पट्टीवर दोन रेघा आल्या तर ती बातमी महत्त्वाचीच आहे. एक रेघ आली तर मात्र तिच्या भरवशावर कुणाला घरी सोडायचं नाही, असं कपाटाच्या दारावर लिहून चिकटवलं आहे.

त्या रात्रीच्या दोन्ही पट्ट्यांचे फोटो रजिस्टरमध्ये लावले आहेत, एक अडीचचा आणि एक साडेचारचा. नवे ज्युनिअर रुजू झाले की मी वेळा झाकून विचारते, यातली झटका दाखवणारी कुठली? ते फोटो खिडकीच्या उजेडात नेतात, जवळ धरतात, लांब धरतात. अजून एकालाही सांगता आलेलं नाही.